वाद घालावा, पण किती माणसांत?

खानदेशात ख्रिस्ती माणसाला वाद शोधत फिरावं लागत नाही. नवापूरचा एसटी स्टँड असो, शहाद्याचा बाजार असो की अमळनेरला कुणाच्या लग्नाचा मांडव, कापसाच्या भावाचं बोलणं संपलं की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही लोक प्रसाद का नाही घेत हो?" विचारणारा कधी खरोखर चौकस असतो, कधी आजूबाजूच्या चौघांना हसवायचं असतं, कधी त्याच्या घरातलं कुणी नुकतंच चर्चला जायला लागलेलं असतं आणि तो आतून दुखावलेला असतो. प्रश्न तिघांचा एकच. उत्तर तिघांना एकच देऊन चालत नाही.

म्हणून "ख्रिस्ती माणसाने विश्वास नसलेल्यांशी वाद घालावा का?" हा मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, आवडता चर्चाविषय मला थोडा गमतीचा वाटतो. वाद दारात येऊन बसलेलाच असतो. त्याला कुठे बसवायचं, किती जणांसमोर बोलायचं आणि कधी उठायचं, एवढंच आपल्या हातात राहतं. माझ्या मते प्रेमाचा जवळजवळ सगळा व्यवहार या तीन गोष्टींत आहे. रविवारी "प्रेमाने बोला" असं ऐकून सोमवारी कुणी प्रेमळ होत नाही. शिवाय अगदी गोड आवाजातही माणसाचा अपमान करता येतो, आणि आपल्यातल्या काही वक्त्यांना ती कला चांगली साधलेली आहे. बसायची जागा, माणसांची संख्या आणि वेळ यांची मात्र आधी व्यवस्था लावता येते. बोलणारा स्वभावाने तापट असला तरी.

या बाबतीत पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं पंधरावं वचन हमखास पुढे केलं जातं: उत्तर द्यायला नेहमी तयार असा. ते वचन पुन्हा सावकाश वाचावं. तिथे उत्तर द्यायचं आहे ते विचारपूस करणाऱ्याला. आणि विचारपूस कशाची? तुमच्या आशेची. म्हणजे आधी तुमच्या जगण्यात काही आशा दिसली पाहिजे, ती पाहून कुणाला विचारावंसं वाटलं पाहिजे, आणि मग उत्तर, तेही सौम्यतेने. हे पत्र ज्यांना लिहिलं ते सत्तेवर बसलेले नव्हते. लोक त्यांची निंदा करत होते आणि त्यांना सोसावं लागत होतं. लाउडस्पीकर लावून सगळ्या मोहल्ल्याला उत्तर देणं या वचनात बसवायचं, तर वचन बरंच ताणावं लागतं.

मग प्रेषित पौलाचं काय, असं कुणी म्हणेल. तो तर रोज वाद घालायचा. खरंच घालायचा. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात तो अथेनैच्या, म्हणजे अथेन्सच्या, यहुदी सभास्थानात आणि बाजारात भेटेल त्याच्याशी बोलतो. पण तिथल्या अरीयपग नावाच्या सभेपुढच्या भाषणाआधी त्याने काय केलं ते पाहा. तो शहरभर हिंडला, त्यांच्या पूजेच्या वस्तू नीट पाहिल्या, एका वेदीवरचा लेख वाचला. भाषणात त्याने त्यांच्याच कवीची ओळ घेतली. मोशेचं किंवा यशयाचं एकही वचन त्याने नाव घेऊन पुढे केलं नाही, कारण समोरच्यांना ती नावं परकी होती. शेवटी काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. त्यात दिओनुस्य आणि दामारी ही दोन नावं आहेत. थट्टा करणाऱ्यांच्या मागे पौल धावला नाही, उठून निघून गेला. पुढे इफिसात काहींनी लोकांसमोर निंदा सुरू केल्यावर त्याने सभास्थान सोडलं, तुरन्नाच्या पाठशाळेत बैठक हलवली आणि तिथे दोन वर्षं रोज बोलत राहिला. जागा बदलणं हीसुद्धा एक युक्ती आहे, आणि ती पौलाने वापरली.

हाच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की मूर्खपणाच्या वादविषयांपासून दूर राहा, त्यातून भांडणं जन्मतात. प्रभूच्या दासाने भांडू नये, सर्वांशी सौम्य असावं. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात तर चौथं वचन म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच पाचवं म्हणतं दे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली आहेत, कोणतं कधी पाळायचं ते सांगितलेलं नाही. ते ठरवायची जबाबदारी बोलणाऱ्यावर टाकलेली आहे, आणि मला ते बरोबर वाटतं.

आपल्या मातीतही या बाबतीत जुनं शहाणपण आहे आणि ते ख्रिस्ती माणसाने वापरायला काहीच हरकत नाही. १९१६ साली प्रताप शेटजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तत्त्वज्ञान शिकायला देशभरातून मुलं खानदेशच्या या तालुक्याच्या गावी येत. साने गुरुजीही आधी तिथेच आले होते. अशा ठिकाणी तर्कशास्त्राची जी जुनी न्यायसूत्रं अभ्यासली जातात, त्यात चर्चेचे तीन प्रकार केलेले आहेत. सत्य कळावं म्हणून होते ती चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं फक्त मोडत बसायचं ती वितंडा. वाद कुणाशी करावा हेही सूत्रकार सांगतात: शिष्याशी, गुरूशी, बरोबर शिकणाऱ्याशी, ज्याच्या मनात मत्सर नाही अशा माणसाशी. जल्प आणि वितंडा टाकाऊ मानलेल्या नाहीत. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तसा त्यांचा उपयोग सांगितला आहे. बांधावर बोरी-बाभळीचे काटे रचणाऱ्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल. फक्त काट्यांचं पीक येत नाही, हेही त्याला माहीत असतं.

आणखी एक शिस्त याच परंपरेतली: पूर्वपक्ष. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतकंच, जमल्यास त्याच्याहून चांगलं मांडायचं, मग आपलं. हे व्यवहारात आणायची सोपी रीत अशी की उत्तर देण्याआधी म्हणायचं, "दादा, तुमचं म्हणणं मला असं कळलं," आणि दोन-तीन वाक्यांत ते सांगायचं. तो "हां, हेच" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. "नाही, तसं नाही" म्हणाला तर पुन्हा ऐकायचं. बहुतेक वेळा दोन-तीन खेपा लागतात. आणि अनेकदा असं होतं की आपण ज्याचं उत्तर पाठ करून आलो होतो तो प्रश्न त्याने विचारलेलाच नव्हता.

आता गर्दीबद्दल. १८५७ च्या सुरुवातीला मुंबईत चौपाटीवर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. संध्याकाळी समुद्रकाठी लोक जमायचे, प्रश्नोत्तरं व्हायची. मिशनऱ्यांकडून पुढे असणाऱ्यांत जॉर्ज बोवेन होते. ते ऐऱ्यागैऱ्यांतले नव्हते; मिशनचा पगार सोडून बाजारवस्तीत साधेपणाने राहणारा हा माणूस मुंबईने आदराने पाहिलेला. विष्णुबुवाही पोटतिडकीने बोलणारे. म्हणजे दोन्हीकडे चारित्र्य होतं, अभ्यास होता. तरीही त्या वादांतून राहिलं काय? दोन्ही पक्षांचे छापील वृत्तांत. आपापल्या लोकांना आपापला माणूस जिंकल्यासारखा वाटला. यात दोष बोवेनांचा नाही आणि विष्णुबुवांचाही नाही. शंभर माणसं ऐकत असताना "तुमचा हा मुद्दा मला पटला" असं म्हणणं जवळजवळ कुणालाच शक्य नसतं. जाहीर वादात मत बदलण्याची किंमत अब्रू असते, आणि ती किंमत आपण समोरच्याकडून मागत असतो.

याच्या उलट नीलकंठशास्त्री गोरे. काशीतले मराठी ब्राह्मण, मिशनऱ्यांचं खंडन करायला निघालेले. विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी त्यांचं बोलणं सुरू झालं ते हरवण्याच्या इराद्याने. ते काही वर्षं चाललं, आणि १८४८ मध्ये गोऱ्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा "वादाने कुणी बदलत नाही" हे जे सरसकट म्हटलं जातं ते खरं नाही. बदलतात. पण वर्षं लागतात, आणि पुन्हा पुन्हा जाऊन बसता येईल असं एक दार उघडं लागतं.

नारायण वामन टिळकांची गोष्ट तर महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. तो कवितेवर बोलला, टिळकांचं ऐकलं, आणि निघताना नव्या कराराची प्रत दिली, वाचा म्हणाला. टिळकांनी वाचायचा शब्द दिला आणि शब्द दिला म्हणून वाचायला घेतलं. पर्वतावरच्या प्रवचनापाशी आल्यावर मात्र पुस्तक सुटेना.  पुढे टिळकांनी शंका पत्रांतून विचारल्या. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. डब्यात श्रोते नव्हते, पत्रात तर नाहीतच. म्हणून टिळकांना विचार बदलायला मोकळीक मिळाली.

यावरून जी व्यवस्था सुचते ती अशी. भर बाजारात कुणी विचारलं तर दोन वाक्यांत खरं उत्तर द्यायचं, टाळायचं नाही, आणि म्हणायचं, "नाना, यावर नीट बोलायचं तर संध्याकाळी घरी या, नाहीतर मी येतो." ज्याला खरंच बोलायचंय तो येतो. ज्याला हसवायचं होतं तो येत नाही, आणि तुम्ही दोघेही एका तमाशातून वाचता. बैठकीला दोन माणसं उत्तम, तीन चालतील, चौथा आला की कुणीतरी प्रेक्षक होतो. ख्रिस्ती बाजूने एकापेक्षा जास्त बसू नयेत. तिघांनी मिळून एकाला घेरणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे, आणि त्याला "संगती" म्हणायची रीतही आहे. तासाभराहून जास्त बसू नये. विषय एकच. प्रसादापासून सुरू होऊन त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), उत्क्रांती, धर्मांतर, पाळकाची नवी गाडी असं फिरायला लागलं की थांबावं: "यातलं आज एक घेऊ, कोणतं ते तुम्ही सांगा." मोबाइल बाजूला. रेकॉर्डिंग तर नाहीच, ना आपलं ना त्यांचं, कारण फोन चालू झाला की शंभर माणसं पुन्हा खोलीत येऊन बसतात.

उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणावं आणि आठवड्याच्या आत खरोखर सांगायला जावं. या दुसऱ्या भागात बहुतेक जण चुकतात. न गेलेला माणूस थापाड्या ठरतो. तसं ठरवलं तर त्यात लोकांची चूक नाही.

हंगामही पाहावा. कापूस वेचणीच्या दिवसांत, किंवा दिवाळीनंतर नंदुरबारकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत निघण्याच्या धावपळीत, कुणाला बसवून घेणं म्हणजे त्याच्या मजुरीवर बसणं. दवाखान्याच्या वॉर्डात वाद नको. आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही, आणि ज्याला उठून जाता येत नाही त्याच्याशी वाद होत नाही. लहान मुलांशी आईबापांच्या पाठीमागे नको. आणि धान्य, औषध, शाळेचा प्रवेश, नोकरीची ओळख, यातलं काहीही देताना त्याच श्वासात धर्म नको. मदत करायची तर निमूट करावी. मदतीला धर्म चिकटवला की "आमिष" हा आरोप आपणच लिहून देतो.

अवघड प्रश्न कोणता? पाळकांना विचारलं तर बरेच जण विज्ञान म्हणतील, कुणी त्रैक्य म्हणेल. मला वाटतं खानदेशातला सगळ्यात अवघड प्रश्न आखाजीला येतो. अक्षय्य तृतीया हा इथला मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, सांजोऱ्या, पुरणपोळी, आंब्याचा रस; आणि पितरांच्या नावाने घागर भरली जाते. घरातल्या एखाद्याने ख्रिस्ती झाल्यावर घागर भरली नाही की म्हातारी मावशी ताटावरूनच विचारते, "मंग आमना आजा-पंजा नरकमा गयात का?"

या प्रश्नाला दोन वाईट उत्तरं नेहमी दिली जातात. एक, वचनं काढून "हो" म्हणणं. दुसरं, वातावरण सांभाळायला "नाही नाही, सगळे देवाकडेच जातात" म्हणणं, जे बोलणाऱ्याला स्वतःलाच पटलेलं नसतं. पहिल्यात प्रेम नाही, दुसऱ्यात खरेपणा नाही. प्रभू येशूला कुणीतरी असाच प्रश्न विचारला होता: तारण होणारे थोडेच का? लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. त्याने आकडा सांगितला नाही. विचारणाऱ्याकडेच वळून म्हणाला, तुम्ही अरुंद दरवाजाने आत जायचा यत्न करा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र योहानाबद्दल "त्याचं काय?" विचारतो, तेव्हाही "त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये" असंच उत्तर मिळतं.  मेलेल्या माणसाचा निवाडा करण्याचं काम येशूने शिष्यांना दिलेलं दिसत नाही. अब्राहामाने सदोम नगरासाठी देवाकडे रदबदली करताना जे म्हटलं, की सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्यायच करील, तिथवर आपण खात्रीने जाऊ शकतो. त्यापुढे "माले माहीत नही, मावशी" हेच प्रामाणिक.

पण इथे थांबूही नये. मावशीचा प्रश्न नरकाबद्दल कमी आणि आज्याबद्दल जास्त असतो. तुम्ही त्याला विसरलात का, एवढंच तिला विचारायचंय. मग तिलाच विचारावं: आजा कसा होता, जमीन कशी राखली, दुष्काळात काय केलं, कुणाला जेवू घातलं. ऐकून घ्यावं. आईबापांचा मान राख ही आज्ञा दहा आज्ञांतली आहे आणि ती बाप्तिस्म्यानंतर रद्द होत नाही. आज्याचं नाव मुलांना माहीत असणं, त्याचं जुनं कर्ज असलं तर फेडणं, त्याच्या भावांच्या घरी सुखदुःखाला सगळ्यांत आधी पोचणं, हे सगळं घागर न भरताही करता येतं. खरं तर घागर न भरणाऱ्याने ते दुपटीने केलं पाहिजे. तसं न करता नुसती घागर नाकारली, तर मावशीचा संशय खरा आहे.

प्रसादाचंही थोडं. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, दहाव्या अध्यायात, पौल फार व्यवहारी सूचना देतो: विश्वास नसलेल्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पानात पडेल ते खा, चौकशी करत बसू नका, पण कुणी म्हणालं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर त्याच्यासाठी म्हणून खाऊ नका. म्हणजे स्वयंपाकघरात डोकावून "हा नारळ कुठला?" असं विचारत फिरायचं नाही. कानबाई या खानदेशातल्या कुलदेवीच्या रोटांसारखी गोष्ट वेगळी. ते रोट भाऊबंदांतच खाल्ले जातात, ते खाणं म्हणजे आपण या कुळाचे आहोत हे सांगणं. तिथे नाही म्हणायचं असेल तर आयत्या वेळी पान सरकवून म्हणू नये. आठ-दहा दिवस आधी घरातल्या कर्त्या माणसाकडे एकट्याने जाऊन सांगावं, आणि त्या दिवशी मांडव, पाणी, भांडी, पाहुण्यांची ने-आण यातलं एखादं काम अंगावर घ्यावं. काही मंडळ्या सणाच्या दिवशी घराबाहेरच राहायला सांगतात. मला ते पटत नाही. ज्याच्या घरी आपण जेवायला नसतो त्याच्याशी वाद घालायला आपण कोण?

पेरणीआधीच्या गावपूजेच्या वर्गणीचं दुखणं याहून मोठं आहे, कारण पाऊस लांबला की बोट ख्रिस्ती घरांकडे वळतं. तिथे तत्त्वज्ञान उपयोगी नाही. गावाच्या विहिरीला, रस्त्याला, शाळेच्या भिंतीला वाट्यापेक्षा जास्त पैसे आणि श्रम आधीपासून दिलेले असले, तर बोलायला तोंड राहतं.

काही युक्तिवाद आपल्या लोकांनी सोडून द्यावेत, कारण ते टिकत नाहीत. "आमच्याकडे आल्यावर माणूस दारू सोडतो, हाच पुरावा." दारू सुटणं ही मोठीच गोष्ट, घर वाचतं. पण तळोदा भागात गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात आरतीच्या चळवळीतून हजारो भिल्लांना दारू सोडायला लावली होती, आणि त्यांचे अनुयायी आजही आहेत. त्यांच्यातला कुणी समोर बसला असेल तर हा पुरावा त्याच्याही बाजूने तेवढाच बोलतो. मग त्याला चांगलं म्हणावं, मनापासून, आणि आपल्या विश्वासाचं खरं कारण काय ते सांगावं. ते दारूबंदी नव्हे. ते येशूचं मरण आणि पुनरुत्थान आहे, आणि वाद व्हायचा तर तिथे व्हावा.

दुसरा, प्रार्थनेने बरं झाल्याचा. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. या आजारात वेदनेचे झटके येतात आणि बरेचदा काही दिवसांत ओसरतात. प्रार्थनेनंतर कळ थांबली म्हणून "सिकलसेल बरा झाला" अशी साक्ष सभेत दिली, आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या कार्यकर्त्याने इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे रक्ततपासणीचा, रिपोर्ट मागितला, तर रक्त आधी होतं तसंच निघतं. त्याने रिपोर्ट मागणं हा देवाचा अपमान नाही. त्याहून वाईट म्हणजे अशी साक्ष ऐकून कुणी गोळ्या बंद करतं. देव बरं करतो असं मानणाऱ्याने रिपोर्टला घाबरू नये, आणि रिपोर्ट नसेल तर "कळ थांबली, देवाचे आभार" एवढंच म्हणावं. डाकीण ठरवून बाईला छळण्याच्या विरोधात हेच कार्यकर्ते डोंगरात पायपीट करतात. त्या कामात ख्रिस्ती माणसाने त्यांच्या शेजारी चालावं. देव आहे की नाही यावर वाटेत भरपूर बोलता येतं.

तिसरी खोड तुलनेची. आपल्याकडचं उत्तम आणि त्यांच्याकडचं सगळ्यात खालचं शेजारी ठेवायचं: इकडे पर्वतावरचं प्रवचन, तिकडे कुठल्यातरी भगताने कापलेलं कोंबडं. प्रवचनाशेजारी तुकोबांना ठेवा, मुक्ताईनगरच्या वारीत चालणाऱ्या बाईची निष्ठा ठेवा, मग बोला. आणि कोंबड्याशेजारी आपल्यातलं काय ठेवायचं असेल तर जात पाहून ठरणारी ख्रिस्ती लग्नं आहेतच. "साहेबांचा धर्म" हा आरोपही असाच सरळ घ्यावा. पश्चिम खानदेशातलं मिशनचं काम इंग्रजी राज्यात, परदेशी माणसांनी सुरू केलं, हे खरं आहे. चिंचपाड्याचा दवाखाना त्यांनीच उभा केला, हेही खरं आहे. केरळातले ख्रिस्ती इंग्रजांच्या कितीतरी शतकं आधीचे आहेत, हेही. तिन्ही सांगावं, आवडीचं एकच नाही.

शेतकऱ्याने गळफास घेतलेल्या घरात "देव असेल तर असं का?" हा प्रश्न आला तर उत्तर देऊ नये. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होते. बोलायला लागले आणि चुकले, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर, ईयोबावर नाही.

कायद्याचं भान हवं. संविधानाचा अनुच्छेद २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धर्मभावना दुखावण्याबद्दल आहे. शिवाय आपण सीमेवरचे लोक. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गुजरात आणि मध्य प्रदेशात धर्मांतराबाबत स्वतंत्र कायदे आहेत, आणि प्रार्थनेला, सोयरिकीला सीमा ओलांडणं इथे रोजचं आहे. कायदे बदलत राहतात, म्हणून त्या त्या वेळचा मजकूर वकिलाकडून समजून घ्यावा. दुसऱ्याच्या देवाला शिवी न देणं मात्र कायदा नसता तरी पाळायचंच होतं.

आता ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते. वाद दोन्ही बाजूंनी उघडा असतो. "तुम्ही मोकळ्या मनाने ऐका" असं आपण समोरच्याला सांगतो, तेव्हा आपल्या घरातला कॉलेजला धुळ्या-जळगावला जाणारा मुलगाही ते ऐकत असतो. त्यालाही प्रश्न पडतात: देव प्रार्थना ऐकतो तर ताईचं बाळ का गेलं, सृष्टी सहा दिवसांत कशी झाली, मित्राचे वारकरी वडील आपल्या पाळकापेक्षा चांगले कसे. हे त्याने विचारलं की मंडळीत त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना होते, गाण्याच्या गटातून हळूच नाव कमी होतं, आणि आई रडते. बाहेरच्या नास्तिकाला चहा आणि घरातल्या शंकेखोराला उपदेश, असा हा हिशेब आहे. यहूदाच्या छोट्या पत्रात बाविसाव्या वचनात संशयात पडलेल्यांवर दया करा असं लिहिलं आहे, आणि ते पत्र मंडळीतल्या माणसांबद्दल आहे.

अशा मुलांसाठी महिन्यातून एक शनिवार संध्याकाळ ठेवता येते. पाळक अध्यक्ष नको, शक्यतो हजरच नको. एखादी शिक्षिका किंवा नर्स बरी, जिला "माहीत नाही" म्हणायची सवय आहे. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता. शेवटी प्रार्थना करायचीच असेल तर ज्याचा प्रश्न होता त्याच्यासाठी नाव घेऊन करायची नाही. एखादा मुलगा हे सगळं ऐकून, विचार करून, "मला हे पटत नाही" म्हणाला, तर त्याचं घरातलं ताट, त्याच्या फीचे पैसे आणि नाताळातली त्याची जागा जशी होती तशीच राहील, हे आईबापांनी त्या पहिल्या शनिवारच्या आधी त्याला स्पष्ट सांगून ठेवावं.